साबण पिकेपर्यंत

आमच्या गल्लीतल्या निम्म्या माणसांची पहिली आंघोळ वेणूअक्काच्या पायांवर झालेली आहे. ती माणसं आता मिशा राखून मोटरसायकली फिरवतात, आणि अक्का समोरून आली की बाजूच्या बोळात वळायची. कारण अक्का भर चौकात थांबवायची. "तू गोकुळना पोऱ्या ना? तू मना अंगवर इतला मुतेल शे, मना लुगडाना रंग उडी गया!" त्याच्या मागे नवी बायको बसलेली असली तर अक्काचा आवाज आणखी चढायचा.

अक्का बाळंतिणींना चोळायची आणि बाळांना न्हाऊ घालायची. अमळनेरात बंद पडलेल्या तेलमिलच्या मागे आमची गल्ली आहे, तिच्या तोंडाशी अक्काची एक खोली. नवरा लग्न झाल्यावर लवकरच गेला, पोर नाही. मी त्या मिलमध्ये तेलाच्या घाण्यावर होतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

दिसायला उंच, हाडकुळी. हात मात्र हमालाचे. अंगठे बाहेरच्या बाजूला वाकलेले, तेल मुरून मुरून काळे. खुर्चीवर कधी बसली नाही. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, ती तिथंच बसायची, अर्धी घरात, अर्धी बाहेर. दार वाजवायची रीत तिला माहीत नव्हती. सरळ आत यायची, ओट्यावरचा तेलाचा डबा उघडायची, बोट बुडवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची, वास घ्यायची आणि घरधनिणीला झापायची. "हाई तेल कोन्ही दिधं तुले? दिवामा टाक." बायका चिडायच्या, पण पुढच्या वेळी दुसरं तेल आणायच्या.

आजारी माणूस कोणीही असो, अक्काच्या तोंडी तो बाळंतीण. बाजारातला एक हमाल, म्हशीएवढा, पाठीत चमक भरून पडला होता. त्याच्या दारात जाऊन अक्का ओरडली, "कशी शे मनी बाळंतीन?" तो हमाल आजही त्या नावानं ओळखला जातो.

ती चुकायची नाही असं मी म्हणणार नाही. चुकायची, आणि कबूल करायची नाही. आमची मनीषा तान्ही असताना अक्कानं लसूण कढवलेलं तेल तिच्या कानात घातलं. कान फुटला, महिनाभर वाहिला. कमल, म्हणजे माझी बायको, रडायला लागली. अक्का म्हणाली, "तुना घरमा वारा येस, म्हनीसन फुटना." विषय संपला. पण महिनाभर रोज दोन वेळा येऊन कापसाच्या बोळ्यानं तो कान तीच पुसत होती.

एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी सुनेनं तिला दुकानातली तेलाची बाटली दिली, म्हणाली बाळाला हेच लावायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. अक्कानं बाटलीचं झाकण काढलं, चमच्यात ओतलं आणि सुनेपुढे धरलं. "पी. तोंडले चालत नही, ते कातडाले काबरं?" ते घर तिचं कायमचं सुटलं. पुढे त्या घरावरून जाताना ती मुद्दाम हळू चालायची.

कमलच्या किडन्या गेल्या तेव्हा अक्का सत्तरीच्या पुढं होती. मंगळवार आणि शुक्रवार आम्हाला धुळ्याला जावं लागायचं, रक्त मशीनमधून धुवून घ्यायला. पहिल्याच मंगळवारी अक्का पिशवी घेऊन दारात उभी. मी म्हटलं, अक्का, मी आहे ना. ती म्हणाली, "बाळंतीनना संगे बाई पाहिजे. तू काय करशी? बाहेर बसीसन बिड्या पिशी." ते खरंच होतं.

सुया टोचतात, हात सुजतो, मळमळ होते, ते सगळं कमलनं सोसलं. सोसवली नाही ती खाज. खाज म्हटलं की लोक हसतात. मीही आधी हसलो असतो. आख्ख्या अंगाला खाज, आणि ती वरवरची नाही, आत हाडाजवळ. कमल कंगव्यानं खाजवायची, उलथन्यानं खाजवायची, दाराच्या चौकटीला पाठ घासायची गाईसारखी. चादरीवर रक्ताच्या रेघा. आंघोळ केली की साबणानं अंगाची आग व्हायची, कातडी पापडासारखी तडकायची. आंघोळीशिवाय चुलीला हात न लावणारी बाई, तिनं आंघोळ सोडली. माझ्याशी बोलणं पण सोडलं, कारण बोलताना नखं थांबवावी लागायची.

धुळ्याची डॉक्टरीण तरुण होती, भली होती. ती म्हणाली, "खाज रक्तातून येते, काकू. गोळ्या देतेय. पण तुमचा साबण कातडी आणखी कोरडी करतोय. ऑलिव्हचा साबण मिळाला तर तो वापरा." तिच्या तोंडावर मास्क, पलीकडे मशीनची घरघर. अक्काच्या कानाला ऐकू आलं अळीव.

अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर बाळंतिणींना अळिवाचे लाडू खाऊ घातलेली बाई ती. तिनं खात्री करून घेतली. "बाळंतीनले चालस तेच ना, डॉक्टर?" डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे वळता वळता म्हणाली, "हो हो, बाळांना पण चालतं."

गाडीत अक्का पूर्ण रस्ताभर मला ऐकवत होती. "देख, दामू! इतला शिकनात आनि शेवट माघारी मनापाशीच उनात. मी पहिलाच दिन सांगेल व्हतं, ही बाळंतीन शे."

दुसऱ्या दिवशी तिनं परातभर अळीव भिजवले. ज्यानं अळीव भिजलेले पाहिलेत त्याला सांगायला नको. त्याचा बुळबुळीत गोळा होतो, चमच्याला सुटत नाही. त्यात डाळीचं पीठ कालवून अक्कानं कमलला मानेपासून घोट्यापर्यंत लिंपलं. पंख्याखाली ते वाळलं. वाळलं ते असं आवळलं की कमलला कोपर वाकवता येईना. मग ते सोडवायला अक्का, मी आणि शेजारची एक बाई, तिघं ओल्या फडक्यांनी भिडलो. आणि कमल हसायला लागली. कित्येक महिन्यांनी. म्हणाली, "अक्का, आता तूप घाल आणि लाडू वळ माझा."

संध्याकाळी मनीषाचा सुरतेहून फोन आला. सगळं ऐकून तिकडून ती किंचाळली, "अळीव नाही गं आई, ऑलिव्ह! जैतून! वेगळं झाड असतं ते!"

अक्का उंबऱ्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "मंग तिनी नीट बोलनं पाहिजे ना. तोंडवर फडकं बांधीसन कोन बोलस?"

मनीषानं सुरतेहून त्या साबणाची एक वडी पाठवली. हिरवट, तेलकट, फेस नावाला. अक्कानं ती हुंगली, चाटली, मनगटावर घासली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पास. त्या वडीनं कमलनं आंघोळ केली. खाज गेली नाही, पण आंघोळीनंतरची आग गेली. त्या दुपारी ती झोपली. मी दारात बसून बायांना हातानं खुणा करत होतो, हळू बोला म्हणून.

वडी झिजली. जावयाचं काम त्याच सुमाराला सुटलं, तेव्हा कमलनं सांगून टाकलं, पोरीकडे दुसरी मागायची नाही. मी जळगावला गेलो, मोठ्या दुकानात. जैतुनाच्या नुसत्या तेलाची बाटली विचारली, तर दुकानदारानं ती कपाटातून काढायच्या आधी माझ्या चपलांकडे बघितलं. त्याचं चुकलं नाही. ती आमच्या घरची वस्तू नव्हती.

अक्का म्हणाली, "तेल करनारा गावमा राहीसन तेलसाठे रडी ऱ्हायना तू. घरीच करू साबन."

तिला साबण येत होता, पण कपड्यांचा. मिल चालू होती तेव्हा आमच्याकडे घरोघरी व्हायचा. मिलमधून तेलाची गाद मिळायची, म्हणजे तळाचा गाळ, त्यात कास्टिक सोडा घालून अंगणात ढवळायचं. त्या साबणानं मळ निघायचा आणि हाताची सालंही निघायची. आता तोच माणसाच्या, तेही कमलच्या अंगाला लावण्यासारखा करायचा होता.

महाग तेलाच्या जागी कोणतं स्वस्त तेल? अक्का या एका गोष्टीच्या मागे लागली ती अशी की तिनं बाळंतिणी सोडल्या. घराघरातून वाटीवाटी तेल मागून आणायची आणि उंबऱ्यावर मांडून बसायची. प्रत्येक तेलाला नावं ठेवायची, जशी सोयरीक बघायला आलीय.

"सरकी आपली घरनी, पन लगेच रुसस." सरकीच्या साबणाला थोड्याच दिवसांत खवट वास यायला लागला, वड्यांवर पिवळे डाग पडले, मऊच राहिला. सोयाबीनचं तेच. "सूर्यफूल दिसाले गोरी, हाडमा काही नही." पामतेलाचा साबण दगडासारखा झाला आणि अंगावर फिरेना. "एरंडेल म्हंजे जावई. थोडा येळ बरा." म्हणून एरंडेल ती प्रत्येक घाण्यात पळीभरच घालायची. शेंगदाण्यावर तिचा जीव होता, पण नुसत्या शेंगदाण्याचा साबण पाण्यात ठेवला की शेंबडासारखा व्हायचा. मी तोंडावर तसं म्हटलं तर तिनं ढवळायची काठी माझ्याकडे रोखली.

माझं काम तेवढंच होतं, अंगणात कडुनिंबाची काठी घेऊन ढवळायचं.

खोबरेलाचा साबण मात्र देखणा झाला. पांढराशुभ्र, खणखणीत, फेसच फेस. अक्कानं स्वतःच्या हातावर घासून बघितला, काही झालं नाही. तिनं मोठ्या ऐटीत कमलला मोरीत बसवलं. मी बाहेर होतो. आधी पाण्याचा आवाज, मग काहीच नाही. मग अक्का ओरडली, "दामू, दूध आन! थंड दूध आन!" मी दूध घेऊन गेलो तेव्हा कमल पदर तोंडात कोंबून बसली होती, खांदे लालभडक झालेले, आणि अक्का तांब्यावर तांब्या ओतत स्वतःलाच शिव्या देत होती. "मनं कातडं म्हैसनं, तिनं कांदानं! माले काय समजनार, रांडले!"

त्या शुक्रवारी कमल धुळ्याला आली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता मी जाणार नाही. तुम्ही दोघं मला रक्त धुवून जगवता, ते कशासाठी? खाजवण्यासाठी?" मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. मनीषा फोनवर रडली. कमल हलली नाही. सकाळची बस गेली, नंतरची गेली.

अक्काही त्या दिवशी आली नाही. मी तिच्या खोलीवर गेलो. दार नेहमीप्रमाणे उघडं. ती चोळी ढिली करून काखेजवळ काहीतरी लावत बसली होती. मला बघून तिनं पदर ओढला, पण मला दिसायचं ते दिसलं. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं माणसाची कातडी मऊ असते, तिथं लाल डाग, एकाखाली एक. काही ओले, काही वाळलेले. हातावर कळत नाही म्हणून ती आता तिथं वड्या घासून बघत होती, साबण कच्चा असताना. मी म्हटलं, "अक्का, काय करी ऱ्हायनी हाई?"

"तू बाहेर हो. बाईमानूसनी खोली शे."

मनीषाला मी हे सांगितलं. तिनं मोबाईलवर शोधून अक्काला फोन केला. म्हणाली, प्रत्येक तेलाला कास्टिक वेगळं लागतं. खोबरेल जास्त खातं, शेंगदाणा कमी. तुम्ही सगळ्यांना एकच माप टाकता, उरलेलं कास्टिक अंगाला चावतं. आणि थोडं तेल उरलं पाहिजे साबणात, म्हणजे कातडी ओढत नाही. अक्कानं फोन कानापासून लांब धरून सगळं ऐकलं. मी भांडणाची वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे जशी भूक तसं दूध. हाई तर माले समजनं पाहिजे व्हतं." आणि मनीषाला म्हणाली, "तुना कान आते बरा शे ना?" इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

मग तिला मोहाच्या तेलाची आठवण झाली. तिची भाची पिंपळनेरला दिलेली. तिकडच्या डोंगरातले लोक मोहाच्या बियांचं तेल गाळतात, खातात, दिव्याला वापरतात, थंडीत ते तुपासारखं थिजतं. "जे थिजस ते साबनले धरी ठेवी, आनि शेंगदाना अंगले सांभाळी." गेली एकटी. पिंपळनेरच्या बाजारात एका बाईशी तिचं जुंपलं ते तिनं परत येऊन आम्हाला करून दाखवलं. त्या बाईनं विचारलं, खायला पाहिजे की लावायला? अक्का म्हणाली लावायला. तर तिनं जुनं तेल पुढे केलं. "मी सांगं, माय, मानूसले लावनं शे, बैलगाडीले नही!" दोन बस बदलून ती बरणी मांडीवर घेऊन आली. लुगडं तेलानं भिजलेलं, चेहरा लग्नघरासारखा.

या वेळी मनीषानं फोनवर माप सांगितलं, मी वजनकाटा धरला, अक्कानं कास्टिक पाण्यात सोडलं. मोह, शेंगदाणा, आणि जावई थोडासा. घट्ट झाल्यावर लाकडी खोक्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी अक्कानं दोऱ्यानं वड्या कापल्या. पिवळसर, मोहाच्या वासाच्या. आणि मनीषा म्हणाली, आता सव्वा महिना वाऱ्यावर ठेवा. लगेच वापरू नका, पिकू द्या.

अक्का म्हणाली, "बाळंतीनले बी सव्वा महिनाच." तिला ते इतकं पटलं की तिनं आमच्या खिडकीत वड्या मांडल्या, वरून मलमल पांघरली आणि गल्लीतल्या पोरांना त्या खिडकीखाली खेळायची बंदी केली.

पण सव्वा महिना कमलकडे होता का? धुळ्याला गेली नाही तर दोन आठवडेही नव्हते. डॉक्टरिणीनं मला स्पष्ट सांगितलं होतं. अंगावर सूज चढायला लागली होती. अक्का कमलच्या खाटेपाशी गेली, चक्क खाली जमिनीवर बसली, आणि मी तिला पहिल्यांदाच कोणाचे पाय धरताना पाहिलं.

"कमल, मी तुले दुसरं काही मांगत नही. साबन पिकस तवपावत जाय."

कमल बराच वेळ खाजवत राहिली. मग म्हणाली, "साबन पिकस तवपावत?"

"तवपावत."

"बरं."

आम्ही दोघंही त्या 'बरं'वर इतके खूश झालो की अक्कानं माझ्या पाठीत धपका घातला.

कमलनं शब्द पाळला. मंगळवार, शुक्रवार, एकही चुकवला नाही. खाजवत गेली, खाजवत आली. गाडीत अक्का तिचे हात स्वतःच्या हातात धरून बसायची, नखं लागू नयेत म्हणून, आणि सगळ्या गल्लीच्या लफड्यांच्या गोष्टी सांगायची. खऱ्या किती, देव जाणे. घरी आल्यावर वड्या उलटायची. कधी एखादी माझ्या नाकाशी धरायची. "देख, कडक व्हई ऱ्हायनी. वास बसना." मला कमलपेक्षा अक्काची काळजी वाटायला लागली होती. तिचं सगळं त्या खिडकीत मांडलेलं होतं.

साबण पिकला. अक्कानं आधी काखेजवळ लावला, दिवसभर ठेवला, मला दंड दाखवला. म्हातारी कातडी, जुने डाग, नवीन काही नाही. मग कमलला न्हाऊ घातलं. मी मोरीबाहेर दूध घेऊन उभा होतो. दूध लागलं नाही. आतून अक्काचं गाणं ऐकू आलं, तान्ह्यांना न्हाऊ घालताना म्हणायची ते, शब्द नसलेलं, नुसतं 'हूं हूं'. आणि मग कमलचा आवाज, "अजून एक तांब्या घाल."

ते दोन दिवस आमच्या घरात सण होता. कमल सकाळी न्हायची, धुतलेलं लुगडं नेसायची, अंगणात बसायची. खाज होती, नाही असं नाही, पण ती हातानं नुसतं चोळायची, नखं नाही. जखमांवर खपली धरली. तिनं भाकरी केली, एकच, वाकडी. ती मी खाल्ली.

सोमवारी संध्याकाळी अक्का म्हणाली, "सकाळी पहिली गाडी धरू. जागा धराले मी पुढे जासू."

कमल म्हणाली, "मी येत नाही."

अक्काला वाटलं थट्टा. कमलनं मग अक्काच्याच बोलीत, शांतपणे विचारलं, "अक्का, तू काय बोलनी व्हती? साबन पिकस तवपावत जाय. मी गऊ का नही?"

"गयी."

"पिकना साबन."

अक्का फुटली. "अवं, मी तसं नही म्हनेल! साबन पिकना का तुले बरं वाटी, बरं वाटनं का तू पुढे जाशी, असं व्हतं ते!"

"तू तसं नही बोलनी."

"तोंडवर नही उनं, पन मनमा तेच व्हतं!"

"तुना मनमानं माले काय मालूम?" कमल म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज अंग माझं वाटतंय. परत तिथं नेलं की ते त्यांचं होतं. या अंगानं राहू द्या मला, आहे तितके दिवस."

"दामू, सांग हिले!" अक्का माझ्यावर ओरडली. "नवरा शे का खांब शे तू?"

मी सांगितलं. जा म्हटलं, माझ्यासाठी जा. मनीषाला फोन लावून दिला. डॉक्टरिणीशी बोलणं करून दिलं, ती कितीतरी वेळ कमलशी बोलली, शेवटी मला म्हणाली, काका, त्यांना सगळं समजलंय, जबरदस्ती करता येणार नाही. अक्का हे काहीच ऐकत नव्हती. तिनं खिडकीतल्या उरलेल्या वड्या एकेक करून उचलल्या, पदरात घेतल्या, परत ठेवल्या. "मी हाई मरासाठे करेल नही," एवढंच म्हणाली आणि गेली.

पुढचं लांबवत नाही. मनीषा आली. कमल दहाव्या दिवशी गेली, झोपेत, अंगावर नवी जखम नव्हती. अक्का त्या दिवसांत आमच्या घरात आली नाही. मातीला आली, मागे उभी राहिली. नंतर खोलीला कुलूप लावून पिंपळनेरला भाचीकडे गेली, आणि या हिवाळ्यात तिकडेच वारली. मला चौथ्या दिवशी कळलं.

माझ्या डोळ्यांपुढे येते ती अक्का मात्र त्या मंगळवारची, कमलनं नाही म्हटल्यानंतरच्या सकाळची.

ती मला न सांगता पहिल्या गाडीला गेली होती. मला शेजाऱ्यानं सांगितलं तेव्हा मी स्टँडवर पळत गेलो. धुळ्याची गाडी लागलेली, गर्दी मरणाची, लग्नसराई होती. अक्का दोघांच्या सीटवर कडेला बसलेली, आणि खिडकीकडच्या जागेवर तिनं पिशवी आणि वरून हात ठेवलेला. मी खिडकीखाली गेलो.

"अक्का, उतर. ती येत नाही."

"येई."

"अगं, मी घरून येतोय. ती झोपलीय."

"तू जाय, तिले लई ये. मी जागा धरी ठेयेल शे."

"अक्का..."

"तिले खिडकी लागस. वारा लागना का मळमळत नही." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

कंडक्टर आला. "दोन अर्धी, धुळे," अक्का म्हणाली. दुसरं कोण, त्यानं विचारलं. "येई ऱ्हायनी." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं दोन तिकिटं फाडली.

एक पोरगी गर्दीतून तिथवर आली, कडेवर तान्हं, फार तर दोन महिन्यांचं, डोक्याला टोपरं. घामानं डबडबलेली. म्हणाली, "आजी, पिशवी घेता का मांडीवर? बाळ आहे हो माझ्याकडे."

मला वाटलं, आता अक्का उठेल. बाळ घेईल, टोपरं काढून टाळू बघेल, पोरीला विचारेल कोणतं तेल लावतेस. तान्हं पोर नुसतं रडलं तरी तीन घरं ओलांडून जाणारी बाई ती.

अक्कानं बाळाकडे पाहिलंच नाही. पिशवीवरचा हात आणखी दाबून धरला.

"भरेल शे," ती म्हणाली. "मनं मानूस शे तठे."

लोक तिला बोलले. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला लाज नाही. घंटा वाजली. गाडी निघाली, बाळ घेतलेली पोरगी वरच्या दांडीला धरून उभी, आणि पलीकडे खिडकीकडची ती रिकामी जागा, तिच्यावर अक्काचा हात.